देहाकृतींची लेखनपद्धती रचताना प्राचीन चिनी लिपीकडून काय घ्यावे?

कृष्णाकाठ (सांगली), धागाकर्ता

मानवी देहाच्या निरनिराळ्या ठेवणींवर उभी असलेली एक लेखनपद्धती रचण्याचा माझा प्रयत्न चालू आहे आणि तिचा आराखडा आता येथे चर्चेला ठेवता येईल इतपत आकाराला आला आहे. मूळ प्रेरणा प्राचीन चिनी लिपीची असल्यामुळे आधी त्या लिपीविषयी थोडे लिहितो.

चिनी लिपीचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने विपुल लेखन हनान प्रांतातील आन्यांग येथे सापडले. शांग घराण्याच्या उत्तरकाळात, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे १२५० ते १०५० या काळात, राजदरबारी बैलाच्या खांद्याचे हाड किंवा कासवाच्या पोटाकडचे कवच तापवून त्याला तडे पाडीत, त्या तड्यांवरून कौल घेत आणि विचारलेला प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवीत. (आपल्याकडे देवाला कौल लावणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, त्यांनी प्रश्न लिहून ठेवला, एवढाच आपला लाभ.) ही हाडे औषधात उगाळण्यासाठी विकली जात असताना १८९९ मध्ये वांग यिरोंग या विद्वान अधिकाऱ्याने त्यांवरील लेखन ओळखले असे सांगितले जाते. १९२८ पासून तेथे शास्त्रीय उत्खनन सुरू झाले. आजवर सुमारे दीड लाख तुकडे मिळाले असून त्यांवर साडेचार हजारांच्या आसपास वेगवेगळी चिन्हे आहेत आणि त्यांपैकी साधारण एक तृतीयांश चिन्हेच खात्रीने वाचता येतात.

या चिन्हांत माणसाचा देह जागोजागी भेटतो. बाजूने पाहिलेला, हात किंचित पुढे आलेला देह म्हणजे ‘माणूस’. समोरून पाहिलेला, हातपाय फाकवलेला देह म्हणजे ‘मोठा’. तोच देह जमिनीच्या रेघेवर ठेवला की ‘उभे राहणे’ होते आणि त्याच्या दोन्ही हातांखाली एकेक ठिपका दिला की ‘काख’ होते. एकामागे एक असे दोन देह म्हणजे ‘मागोमाग जाणे’, तर पाठीला पाठ लावलेले दोन देह म्हणजे ‘पाठ’. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे ‘विसावा’. प्रवाहाच्या अलीकडे एक पाऊल आणि पलीकडे एक पाऊल काढले की ‘नदी पायी ओलांडणे’.

माझ्या मते या सगळ्यांत मोलाची जोडी वेगळीच आहे. गुडघे टेकून बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर अन्नाचे पात्र अशी दोन चिन्हे आहेत. एकात माणसाचे तोंड पात्राकडे आहे आणि त्या चिन्हाचा अर्थ ‘जवळ येणे, लागलीच’ असा होतो. दुसऱ्यात बैठक तीच, पात्र तेच, परंतु तोंड मागे वळवलेले आहे, आणि त्याचा अर्थ ‘आटोपले, होऊन गेले’ असा होतो. क्रियेचा आरंभ आणि समाप्ती यांसारखी अमूर्त गोष्ट त्या लेखकांनी केवळ मान वळवून लिहिली. देहाधारित लिपीचे खरे बळ अवयवांच्या चित्रांत नसून देहाच्या रोखात आहे, असे मला यावरून वाटते आणि माझा आराखडा त्याच विचारावर बेतलेला आहे.

त्यात मूळ ठेवणी चार आहेत: उभा, पसरलेला, बसलेला आणि आडवा. त्यांना डोळा, कान, तोंड, हात व पाऊल हे पाच अवयव जोडता येतात, म्हणजे जो अवयव महत्त्वाचा असेल तो मोठा काढायचा. दोन देहांमधील संबंध पाच प्रकारचे आहेत: मागोमाग, समोरासमोर, पाठीला पाठ, वर-खाली आणि शेजारी. तोंड पुढे असेल तर क्रिया व्हायची आहे आणि मागे वळलेले असेल तर झाली आहे. ‘मी’साठी छातीवर तळहात ठेवलेला माणूस घेतला आहे. चिनी लिपीत ‘स्वतः’ या अर्थाचे चिन्ह मुळात नाकाचे चित्र आहे आणि चिनी माणूस आजही स्वतःकडे निर्देश करताना नाकाकडे बोट दाखवतो. आपल्याकडे हात छातीवर जातो, म्हणून तेथे मी अनुकरण टाळले. आराखड्यातील त्रुटी कृपया स्पष्टपणे दाखवाव्यात.

मोडीवाचक (वाई)

आराखडा आवडला. देहाचे चित्र अर्थासाठी वापरण्याची रीत आपल्या परिसरातही दगडावर कोरलेली आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक गावांत देवळाच्या आवारात सतीशिळा दिसतात. त्यांवर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला एकच हात असतो आणि तेवढ्यावरून पाहणाऱ्याला सारे कळते. शेजारच्या वीरगळावर खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवपूजा असते, म्हणजे वाचन खालून वर होते. ही लिपी नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही वाचनाची दिशा आणि देहाचा अवयव या दोन्ही गोष्टी ठरलेल्या अर्थाने वापरण्याची सवय येथे होती.

मोजमापांचा विभाग आपण जरूर घ्यावा. इसवी सन १०० च्या सुमारास शू शन याने ९३५३ चिन्हांचा जो कोश ५४० विभागांत रचला, त्यात प्राचीन मापे माणसाच्या देहावरून घेतल्याचे म्हटले आहे. दोन्ही हात पसरून होणाऱ्या मापाचे चिन्ह तर हात पसरलेल्या माणसाचेच आहे. आपली वाव हे तेच माप. बोट, वीत, हात, मूठ, ओंजळ, वाव आणि विहिरीच्या खोलीसाठी परस एवढी सामग्री आपल्याकडे आयती आहे. त्याच कोशाच्या प्रस्तावनेत फूशी या पुराणपुरुषाने अष्टचिन्हे (कौल घेण्याची आठ रेखाचिन्हे) रचताना जवळचे आपल्या देहावरून आणि दूरचे वस्तूंवरून घेतल्याचे वचन आले आहे. आपल्या धाग्याला ते शोभून दिसेल.

माझी शंका हाताच्या वेगाविषयी आहे. हाडावर सुरीने कोरताना गोल रेषा कोनाकार झाल्या, पुढे छिन आणि हान या घराण्यांच्या काळात कारकुनांनी कुंचल्याने भराभर लिहायला सुरुवात केल्यावर देहाची ठेवण फटकाऱ्यांत विरून गेली आणि ‘स्त्री’ या चिन्हातील गुडघे टेकलेली बाई त्याच्या आजच्या रूपात शोधूनही दिसत नाही. बोरू न उचलता लिहिलेली मोडी वाचणाऱ्यास हे निराळे सांगावे लागत नाही. आपली लिपी लोकांनी खरोखर वापरली, तर मानेचा तो नाजूक रोख किती काळ टिकेल? आणि वापरली नाही, तर हा खटाटोप कशासाठी?

शंकासुर (कराड)

मला मुळातच आक्षेप आहे आणि तो थोडा विस्ताराने मांडतो.

चिनी लिपी ही चित्रांची लिपी आहे, हा समज गोड असला तरी अपुरा आहे. आजच्या चिनी चिन्हांपैकी ८० टक्क्यांहून अधिक चिन्हांत एक भाग अर्थ सुचवणारा आणि दुसरा भाग उच्चार सुचवणारा असतो. हाडांवरील लेखनातही निव्वळ चित्रांवर भागत नव्हते. ‘येणे’ हे क्रियापद लिहायला त्यांनी एका धान्याच्या रोपाचे चित्र उसने घेतले, कारण दोन्ही शब्दांचा उच्चार जवळचा होता. धागाकर्त्यांनी दिलेल्या उदाहरणांचेच पुढे काय झाले ते पाहावे. पाठीला पाठ लावलेले दोन देह ‘उत्तर दिशा’ या शब्दासाठी वापरले जाऊ लागले आणि खऱ्या पाठीसाठी त्यांना खाली मांसाचे चिन्ह जोडून नवे अक्षर करावे लागले. नाकाचे चित्र ‘स्वतः’कडे गेले, तेव्हा खऱ्या नाकासाठी उच्चारदर्शक भाग जोडावा लागला. काखेचेही तेच झाले. तेव्हा लिपी बोलीच्या आधाराने चालली आणि चित्र तिच्यामागून आले.

रोखाविषयी सांगायचे, तर हाडांवरील लेखनात ‘माणूस’ हे चिन्ह डावीकडे तोंड करून आले काय किंवा उजवीकडे आले काय, बहुधा अर्थ बदलत नसे. ‘मागोमाग’ आणि ‘शेजारी’ या अर्थांची दोन-दोन देहांची चिन्हे इतकी सारखी आहेत की वाचताना तज्ज्ञांचाही गोंधळ होतो. आपण ज्या रोखावर सारा डोलारा उभारला आहे, तो मूळ लिपीतच एवढा डळमळीत होता.

याहून मोठी अडचण मराठीची आहे. प्राचीन चिनी भाषेत शब्दाला विभक्ती, लिंग, वचन यांचे प्रत्यय लागत नव्हते. आपण ‘आला, आली, आले, आलो, आलास’ यांतील फरक मान किती अंशांनी वळवून दाखवणार आहात? जपानी लोकांनी चिनी चिन्हे घेतली तेव्हा त्यांची हीच अडचण झाली आणि शब्दाचा गाभा चिनी चिन्हाने व शेपूट उच्चारलिपीने लिहिण्याची दुहेरी पद्धत त्यांना बसवावी लागली.

राजाश्रय मिळाला तर कृत्रिम लिपीही चालते, हे मी नाकारत नाही. तांगुत राज्याने १०३६ मध्ये चिनी धर्तीवर सुमारे सहा हजार चिन्हांची स्वतंत्र लिपी करून ती चालवली. आपल्यामागे मात्र असा कोणताही दरबार नाही. चार्ल्स ब्लिस या रसायन अभियंत्याने नाझींच्या छळातून सुटून शांघायमध्ये आश्रय घेतला असताना चिनी चिन्हांवरून स्फूर्ती घेतली आणि १९४९ मध्ये आपली जागतिक चित्रलिपी प्रसिद्ध केली. जगाने तिच्याकडे पाठ फिरवली. १९७१ मध्ये टोरांटोत बोलू न शकणाऱ्या मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी ती उपयोगी पडली खरी, परंतु तेथेही चिन्हाबरोबर शब्द छापलेला असे, म्हणूनच समोरच्याला ते कळत असे.

कृष्णाकाठ (सांगली)

मोडीवाचक, वाव आणि परस आराखड्यात घेतले. लेखनाच्या वेगाचा प्रश्न आपण म्हणता तसाच आहे, परंतु मी रोजच्या पत्रव्यवहारासाठी लिपी करीत नाही. पाट्या, खुणा, थोडक्यात नोंदी आणि शोभेचे लेखन एवढाच तिचा पल्ला मी धरला आहे. तेवढ्यात ती सावकाश लिहिली गेली तरी बिघडत नाही.

शंकासुर, आपल्या आक्षेपांतील प्रत्ययांचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो आणि त्यावरचा उपायही देहातूनच काढता येईल असे वाटते. कोरियाच्या सेजोंग राजाने १४४३ मध्ये रचलेली आणि १४४६ मध्ये जाहीर केलेली लिपी तोंडाच्या आतील ठेवणीवर आधारलेली आहे. जिभेचे मूळ घशाशी टेकल्याचा आकार, जिभेचे टोक वर लागल्याचा आकार, ओठांचा, दाताचा आणि घशाचा आकार हे तिचे पाच मूळ आधार आहेत. आपली वर्णमाला तर कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दन्त्य आणि ओष्ठ्य अशी तोंडातील जागांप्रमाणे पूर्वीपासून लावलेली आहे; आपण फक्त त्या जागांची चित्रे काढली नाहीत.

म्हणून शब्दाचा गाभा देहाच्या ठेवणीने आणि प्रत्यय तोंडाच्या ठेवणीने लिहावा, असे सुचवतो. मराठीला विभक्तीसाठी व्यंजने फार लागत नाहीत: ने, ला, त, चा, हून, शी यांत बहुतेक कामे होतात. स्वरांसाठी तोंडाची उघडझाप घ्यावी, म्हणजे ‘आ’ला पूर्ण उघडे, ‘ई’ला ताणलेले आणि ‘ऊ’ला गोल तोंड. याचा एक आनुषंगिक फायदा असा की ‘घरचा’ आणि ‘घरची’ यांतील दोन वेगळे ‘च’ देवनागरीत एकाच अक्षराने लिहावे लागतात, तेथे जीभ दातांशी आहे की टाळूशी आहे हे या पद्धतीत आपोआप दिसेल. ‘आला, आली, आले’ यांतील गाभा एकच आणि शेपटाला तीन तोंडे.

रोखाच्या अस्थिरतेवर एवढेच म्हणतो की आन्यांगच्या लेखकांनी डावे-उजवे सैल ठेवले असले, तरी त्या बसलेल्या माणसाचे तोंड पात्राकडे आहे की पात्रापासून वळलेले आहे, हा भेद पात्रामुळे टिकला. तेव्हा रोख कागदाच्या कडेशी न जोडता चिन्हातील दुसऱ्या वस्तूशी जोडावा, असा नियम आजपासून आराखड्यात घालतो.

लाल माती (मिरज)

या लिपीचा उपयोग कोठे होईल असे विचारले गेले आहे. कुस्तीत होईल. तालमीतील डाव आजही वस्तादाच्या तोंडून आणि अंगावरूनच शिकले जातात. पुस्तकात ‘प्रतिस्पर्ध्याचा उजवा हात आपल्या उजव्या खांद्यावरून ओढून’ असे लिहिलेले वाचून धोबीपछाड कोणालाही बसलेली नाही. दोन देहांच्या पाच संबंधांत हे डाव लिहिता आले, तर पट, ढाक, घिस्सा, मोळी, कलाजंग अशी नावे केवळ नावे न राहता त्यांची रचनाही दिसेल. हाडांवरील लेखनात झोंबणाऱ्या दोन माणसांचे एक चिन्ह आहेच, असे वाचले आहे.

अडचण अशी की डाव ही हालचाल आहे आणि चिन्ह स्थिर आहे. नृत्याच्या हालचाली टिपण्यासाठी रुडॉल्फ लाबान याने १९२८ मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली, तीत काळ खालून वर वाहतो आणि प्रत्येक अवयवाला स्वतंत्र रकाना असतो. ती अचूक आहे, पण वाचायला जड आहे. वस्ताद मात्र डाव सांगताना एका क्षणावर बोट ठेवतात आणि तो क्षण म्हणजे पकड बसल्याचा क्षण. पकड बरोबर असेल तर पुढचे अंग आपोआप करते. तेव्हा प्रत्येक डावाचे चिन्ह पकडीच्या क्षणी गोठवावे. पट काढताना एक देह वाकलेला आणि त्याचा मोठा काढलेला हात दुसऱ्याच्या मोठ्या काढलेल्या पायावर, एवढे पुरे.

खुणांची शाळा (सातारा)

मी कर्णबधिर मुलांना शिकवते, म्हणून एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. अंगाने बोलली जाणारी भाषा आणि अंगाच्या चित्रांनी लिहिलेली मराठी या दोन निराळ्या वस्तू आहेत आणि या धाग्यात त्यांची सरमिसळ होऊ नये. विल्यम स्टोको या अमेरिकी भाषाभ्यासकांनी १९६० मध्ये दाखवून दिले की खूण ही अखंड चित्र नसून हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल अशा घटकांची बनलेली असते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. तीत प्रश्नवाचक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि भुवया व चेहरा हेही व्याकरणाचे काम करतात.

ती भाषा लिहिण्याचे प्रयत्न झालेले आहेत. व्हॅलेरी सटन यांनी १९७४ मध्ये नृत्यलेखनावरून जी पद्धत काढली, तीत तळहात आपल्याकडे आहे की समोर, हे हाताचे चिन्ह पोकळ किंवा भरीव काढून दाखवतात आणि लेखन पाहणाऱ्याच्या नव्हे तर खूण करणाऱ्याच्या बाजूने असते. ‘कोणाच्या बाजूने’ हा प्रश्न आपल्या आराखड्यात अद्याप कोणीच विचारलेला नाही. छातीवर हात ठेवलेला ‘मी’ वाचकाकडे तोंड करून आहे की पाठ करून? चेहऱ्यालाही जागा दिलेली दिसत नाही. माझ्या वर्गातील मुले ही चिन्हे पाहून पहिल्यांदा भुवया कोठे आहेत असे विचारतील, याची मला खात्री आहे.

जुळारी (विश्रामबाग)

छपाईच्या अंगाने थोडेसे लिहितो. युनिकोडमध्ये खासगी वापरासाठी राखलेला जो मुख्य विभाग आहे, त्यात ६४०० जागा आहेत आणि कोणाचीही परवानगी न घेता तेथे चिन्हे ठेवता येतात. प्रत्येक जोडचिन्हाला वेगळी जागा देऊ नये. देवनागरीचा फाँट जसा क, हलन्त आणि ष यांवरून क्ष घडवतो, तसे ठेवण, अवयव आणि संबंध हे घटकच जागांवर ठेवून जोडणीचे नियम फाँटमध्ये लिहावेत. सटन यांची चिन्हे २०१५ मध्ये युनिकोडमध्ये आली, पण पानावरील त्यांची मांडणी साध्या ओळीत बसत नाही, हे पाहून आपण प्रत्येक चिन्ह एका चौकोनातच मावले पाहिजे असे बंधन घालावे. चिनी लिपीने ते पाळले आणि त्यामुळेच ती खिळ्यांवर चढू शकली.

शंकासुर (कराड)

तोंडाच्या ठेवणीचे प्रत्यय मला मान्य आहेत. त्यामुळे आराखडा निदान मराठीचा तरी झाला. आता परीक्षा म्हणून एक वाक्य देतो, जे आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या दुष्काळी भागात कोणीही बोलेल: ‘उद्या पाणी सुटले नाही तर ऊस वाळेल.’ यात ‘उद्या’, ‘नाही’ आणि ‘तर’ यांपैकी कशाचेही चित्र होत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

प्रयत्न करतो. ‘उद्या’साठी आडवा देह आणि त्याच्या शेजारी उभा देह घ्यावा, म्हणजे एक झोप होऊन उठणे. ‘पाणी सुटणे’ यासाठी प्रवाहाच्या रेघा आणि त्यांच्या वर उचललेला हात, कारण दार उचलल्याशिवाय कालव्याला पाणी येत नाही. ‘नाही’साठी मान हलवण्याची हालचाल काढता येत नाही, म्हणून तळहात समोर रोखलेला उभा माणूस घेतो. प्राचीन चिनी लेखनातही नकाराचा शब्द उसन्या चिन्हानेच लिहिला जाई, तेव्हा तेथून मदत मिळत नाही. उसासाठी उभ्या देहाहून उंच कांडी आणि तिच्यावर पेरांच्या आडव्या रेघा. ‘वाळणे’ म्हणजे तीच कांडी मान टाकलेली. भविष्यकाळाचा ‘एल’ तोंडाच्या ठेवणीने येईल. चिन्ह पाहणाऱ्याच्या नव्हे तर क्रिया करणाऱ्याच्या बाजूने काढावे, हा नियम खुणांची शाळा यांच्या सूचनेवरून घेतला आहे आणि प्रश्न व आज्ञा यांसाठी डोळ्यावर भुवईची एक रेघ वाढवली आहे.

‘तर’ मात्र अडला आहे.

लाल माती (मिरज)

आडवा देह तुम्ही झोपेला दिलात, मग चीत झालेल्या मल्लाचे काय? माझ्या मते आडव्या देहावर दुसरा देह असेल तर चीत आणि एकटा असेल तर झोप, असे ठरवावे.

‘तर’चे उत्तर डाव आणि प्रतिडाव यांत मिळेल. एकाने हात पुढे केला की त्यावर दुसऱ्याचे उत्तर ठरलेले असते. समोरासमोर दोन देह काढावेत, पहिल्याचा हात मोठा आणि दुसऱ्याचा पाय मोठा काढावा, आणि हे चिन्ह दोन वाक्यांच्या मध्ये ठेवावे. ‘म्हणून’साठी तेच दोन देह मागोमाग ठेवता येतील.

शंकासुर (कराड)

‘तर’ चालेल. ‘म्हणून’ला मात्र ‘मागोमाग जाणे’ या क्रियापदाशी गल्लत होईल, कारण तेथेही हेच दोन देह आहेत. क्रियापदाला प्रत्ययाचे तोंड लागते आणि अव्ययाला लागत नाही, एवढ्या फरकावर भागेल का, हे पुढील आराखड्यात लिहून दाखवावे.

जुळारी (विश्रामबाग)

चार ठेवणी, पाच अवयव, पाच संबंध आणि प्रत्ययांची तोंडे यांची रेखाटने समान जाडीच्या रेषेत, चौकोनात बसवून पाठवली, तर कच्चा फाँट मी करून देतो. मानेचा रोख लहान आकारात दिसत नाही, म्हणून डोके देहाच्या मानाने मोठे काढावे. हाडांवरील ‘मूल’ या चिन्हात डोके तसेच मोठे आहे.